बारावी सायन्सला ५४ टक्के, पोरगा म्हणतो डिग्री नको, मोटारी भरायच्या. खान्देशातल्या अनुभवी लोकांनी सांगा

मुनीम_जळगाव
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसतं वाचतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय, कारण घरात रोज यावरून वाद चाललाय आणि मला खरंच काही सुचत नाहीये.

भाचा आहे माझा. ताईचं सासर चोपडा तालुक्यात, चार एकर बागायत, अर्धी केळी अर्धी कपाशी. पोराला दहावीला ७८ टक्के पडले म्हणून सगळ्यांनी मिळून त्याला सायन्सला घातला, जळगावला क्लास लावला, रूम करून दिली, आणि बारावीला ५४ आले. सीईटी पण जेमतेम. आता दाजी म्हणतात मिळेल त्या प्रायव्हेट कॉलेजला इंजिनिअरिंगला टाकू, राहणं-खाणं धरून वर्षाला लाखाच्या वर जातं, त्यासाठी एक एकर गहाण टाकायची पण त्यांची तयारी आहे. पोरगा म्हणतो मला नाही जायचं. त्याला चोपड्याच्या मोटारी भरायच्या दुकानात बसायचंय, म्हणजे जळालेल्या पाण्याच्या मोटारींना नवी तार गुंडाळतात तिथे. नववीपासून सुट्टीत तिथे जातो, तिथले आप्पा त्याला वरखर्चाला काहीतरी देतात. मी स्वतः बघितलंय, हाच पोरगा पुस्तक घेऊन बसला की अर्ध्या तासात पेंगतो आणि तिथे दुपारी १२ पासून दिवे लागेपर्यंत मांडी घालून जागचा हलत नाही.

दाजी फार दुखावलेत. म्हणतात मी जन्मभर चिखलात राबलो ते पोराचे हात काळे व्हावे म्हणून का. त्यांचंही चुकत नाही, त्यांच्या बरोबरचे जे शिकले ते मास्तर झाले, साहेब झाले, आणि हे मागे राहिले असं त्यांना वाटतं. ताई दोघांच्या मध्ये सापडलीये.

तर विचारायचं हे की कॉलेजची डिग्री न घेता माणसाला इज्जतीचं, पोटभर आणि मनासारखं काम करता येतं का. मोठ्या लोकांच्या गोष्टी नको, तुमच्या घरातलं सांगा.

निवृत्त_मास्तर
मुनीमजी, मोठ्या लोकांच्या गोष्टी नको म्हणालात ते फार बरं केलंत. मी अमळनेरचा. आमच्याकडे हा विषय निघाला की लगेच कोणीतरी अझीम प्रेमजींचं नाव घेतो, की ते १९६६ साली वडील वारले तेव्हा अमेरिकेतलं शिक्षण सोडून आले आणि विप्रो केवढी झाली बघा. खरं आहे, पण १९४५ पासून त्यांच्या वडिलांची कंपनी आमच्या अमळनेरात उभी होती, वनस्पती तुपाची. परत यायला कारखाना होता. आपल्या पोरांना परत यायला फार तर चार एकर असते. म्हणून वर्गात मी ते उदाहरण कधी दिलं नाही.

मी ३१ वर्षं शाळेत काढली. पोरगा पुस्तकात कच्चा आहे म्हणून त्याला हाताच्या कामाला लावा असं मी कधी म्हणणार नाही, कारण हाताच्या कामालाही डोकं लागतंच. पण तुमचा भाचा सात-सात तास एका जागी बसतोय म्हणता, ती गोष्ट मला मार्कांपेक्षा मोठी वाटते. एकच विनंती, कागद सोडू नका. आयटीआयला घाला. आणि तिथे बारावीचे नाही, दहावीचे मार्क बघतात, ७८ ला इलेक्ट्रिशियन मिळू शकतं. फॉर्म ऑनलाइन असतो, तारखा चुकवू नका.

तापीकाठ
मुनीमभाऊ, तुमचा धागा वाचला आणि राहवलं नाही. मी रावेर तालुक्यात मोटारीच भरतो, २३ वर्षं झाली. माझं शिक्षण अकरावी नापास. जरा लांब लिहितो.

पहिली ३ वर्षं मला आमच्या उस्तादांनी वायरला हात लावू दिला नाही. जळालेल्या मोटारी खोलायच्या, जुनी तार ओढून काढायची, तांबं वेगळं करून वजन करायचं आणि वहीत लिहायचं. किती स्लॉट म्हणजे तार बसवायच्या खाचा, एका कॉइलला किती वेढे, तार किती गेजची, कनेक्शन कसं. मला वाटायचं हे माझ्याकडून हमाली करून घेतायत. चौथ्या वर्षी एक अशी मोटार आली की तिची तार आधीच कोणीतरी काढून टाकली होती, प्लेट पण नव्हती, कोऱ्या स्टेटरवरून, म्हणजे तार नसलेल्या नुसत्या लोखंडी सांगाड्यावरून, सगळं काढायचं होतं. उस्ताद म्हणाले वही उघड. वहीत तशीच एक होती, दोन वर्षांपूर्वी मीच लिहिलेली. ती वही आज पण गल्ल्याखाली आहे.

बोअरच्या पाण्यातल्या मोटारीचं काम वेगळं असतं हे लोकांना माहीत नसतं. स्लॉटचं तोंड इतकं बारीक की तयार कॉइल आत टाकताच येत नाही, प्लास्टिकचं आवरण असलेली तार एकेक वेढा करून ओवायची. सुईत दोरा ओवतात तसं, फक्त दिवसभर. कुठे आवरणाला नखाएवढा ओरखडा गेला तर मोटार ३०० फूट खाली पाण्यात उतरल्यावर अर्थ मारते, म्हणजे करंट बाहेर फुटतो, मग परत घोडा (मोटार वर ओढायची तिकाटी) लावा, पाईप काढा, चार माणसांची मजुरी, आणि शेतकऱ्याच्या शिव्या वेगळ्या. त्यामुळे शेवटचा वेढा ओवून झाला की मी एकटाच बसून बोटाने सगळी तार एकदा चाचपतो. रोज. घरचे हाक मारतात, मी ओ देत नाही.

समाधानाचं विचारलंत म्हणून सांगतो. मे महिन्यात आमच्याकडे ४५ च्या वर ऊन जातं, केळीला एक दिवस पाणी नाही मिळालं तर पानं लोंबतात, घड निसवायची वेळ असेल तर वर्षाचं गेलं. अशा वेळी रात्री ९ ला ट्रॅक्टरवर मोटार घेऊन माणूस येतो, त्याच्या तोंडावर काय असतं ते मी सांगू शकत नाही. रात्रभर बसून सकाळी मोटार दिली आणि दुपारी त्याचा फोन आला की पाणी पडलं, तर त्या दिवशी मला जेवण गोड लागतं. हे मी मनापासून सांगतो, पैसे सोडून सांगतो.

पैशाचं पण सांगतो, लपवायचं कशाला. फेब्रुवारी ते जून काम इतकं की झोप नाही, पावसाळ्यात दोन-दोन दिवस दुकानात चिटपाखरू नसतं. पहिली ५ वर्षं मी उन्हाळ्यात आलेला पैसा उन्हाळ्यातच उडवला आणि श्रावणात उधारी केली. बायको आली तिने १२ महिन्यांचा हिशोब मांडला, तिथून घर उभं राहिलं. उधारी ही या धंद्यातली खरी कीड आहे, शेतकरी बुडवत नाही पण केळीचे पैसे आल्यावर देतो, आणि केळीचा भाव कधी पडेल सांगता येत नाही.

पोराला दुकानात बसवा पण मास्तर म्हणतात तसं आयटीआय कराच. माझ्याकडे कागद नाही म्हणून मला काय काय सोडावं लागलं ते पुढे लिहीन, आता गिऱ्हाईक आलंय.

केळीवाला_सावदा
तापीकाठ भाऊ एकेक शब्द खरा. आमच्या मळ्यात गेल्या वर्षी दोनदा मोटार जळाली. इंजिनिअर गावात चार आहेत, चौघंही पुण्याला. मोटार भरणारा एकच आहे आणि त्याच्या दारात नंबर लावावा लागतो.

धुळेकर_८४
सगळे छान छान लिहितायत म्हणून दुसरी बाजू लिहितो, राग मानू नका.

मी पण डिग्री नाही केली. बारावीनंतर आयटीआय मशिनिस्ट केलं धुळ्याला आणि चाकणला गेलो. ९ वर्षं एका कंपनीत होतो, कंपनीत म्हणजे ठेकेदाराकडे. सात महिने झाले की ब्रेक द्यायचे, महिनाभर घरी बसायचं, मग परत नवीन कार्ड. पीएफ कापला जायचा पण भरला किती ते कळायचं नाही. सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, जॉब लावायचा, दरवाजा बंद, बटण दाबायचं, सायकल संपली की जॉब काढायचा, फुंकायचा, ट्रेमध्ये ठेवायचा. एका शिफ्टला २०० च्या वर जॉब. तो पार्ट कुठल्या गाडीत कुठे बसतो हे मला ९ वर्षांत कोणी सांगितलं नाही आणि मी पण विचारलं नाही, ही माझी चूक. डिग्री नव्हती म्हणून समाधान मिळालं असं मी कसं म्हणू, गावाकडे आलो की लोक कंपनीत आहे म्हणून मान द्यायचे आणि मला रात्री झोप लागायची नाही.

पुढे एक सेटर (मशीनची मापं लावून देणारे) भेटले, साताऱ्याकडचे. त्यांनी मला शिफ्ट संपल्यावर अर्धा अर्धा तास थांबवून ऑफसेट, म्हणजे मशीनला मापातली दुरुस्ती कशी द्यायची, ते शिकवलं. टूलचं इन्सर्ट झिजलं की माप किती मायक्रॉनने सरकतं, मशीन गरम झाल्यावर सकाळचं आणि दुपारचं माप का जुळत नाही, प्रोग्रॅममधली ओळ कशी वाचायची. दीड वर्षात मी सेटर झालो, मग प्रोग्रॅम करायला लागलो. आज धुळ्याला अवधान एमआयडीसीत एका छोट्या वर्कशॉपला आहे. पगार चाकणपेक्षा फार जास्त नाही, पण ड्रॉइंग माझ्या हातात येतं आणि पार्ट कसा काढायचा ते मी ठरवतो. आई संध्याकाळी घरी वाट बघते, तिच्याबरोबर जेवतो.

म्हणून सांगतो, नुसतं आयटीआय कर, डिग्री नको, असं पोराला सांगू नका. त्याला विचारा की पाच वर्षांनी तू बटण दाबणारा असशील की माप ठरवणारा. आयटीआयचा कागद दोघांकडे सारखाच असतो.

तापीकाठ
धुळेकर, राग कशाला, तुम्ही सगळ्यात खरं लिहिलंत. उस्ताद भेटायला नशीब लागतं. मला सोळाव्या वर्षी भेटले, तुम्हाला उशिरा.

अहिराणी_माणूस
धुळेकर भाऊनी गोट खरी शे. मना मोठा भाऊ बी असाच चाकणले व्हता, आते साक्रीले पवनचक्कीना कामवर शे, घरना जेवण करस.

सातपुडा_लेक
नमस्कार. मी तळोदा भागात आपले सरकार सेवा केंद्र चालवते, ११ वर्षं झाली. बारावी आर्ट्स, एमएससीआयटी आणि मराठी टायपिंग ३०, एवढंच शिक्षण. कॉलेजला नाव घातलं होतं पण लग्न झालं.

इथे सगळे भाऊच बोलतायत म्हणून मुलींचं पण लिहिते. मुलगा दुकानात बसला की लोक म्हणतात धंदा शिकतोय, मुलगी बसली की विचारतात घरी अडचण आहे का. पहिली दोन वर्षं लोक माझ्या मिस्टरांना विचारायचे की फॉर्म कोण भरेल, मी समोर कॉम्प्युटरवर असायचे तरी. आता उलट झालंय, मी नसले तर लोक बाहेर ओट्यावर बसून राहतात.

एक प्रसंग सांगते. पाड्यावरून एक आजी आल्या होत्या, श्रावणबाळच्या पैशासाठी, महिन्याला १५०० मिळतात ते. बँकेतून दोनदा परत पाठवलेलं कारण अंगठा उमटत नाही. मी त्यांचा हात हातात घेतला तर बोटांवर रेषाच नाहीत, जन्मभर मजुरी करून गुळगुळीत झालेल्या. मी ओल्या फडक्याने पुसून बघितलं, थोडं तेल लावून बघितलं, दहाही बोटं बघितली, नाही. मग त्यांना आधार केंद्रावर घेऊन गेले, डोळ्यांवरून ओळख पटवली, अपडेट केलं, बँकेत जाऊन समजावून सांगितलं. तीन दिवस गेले. मला त्याचे किती मिळाले तर ठरलेली फी, पण त्या आजी अजून बाजाराच्या दिवशी येतात आणि नुसत्या बसून जातात. पावरी भाषेत काहीतरी सांगत असतात, आता मला बरंच समजतं.

तुमच्या भाच्यासाठी माहिती लिहिते, ही मी रोज लोकांना सांगते. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम आणि आपल्या राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम, दोन्हीला डिग्री लागत नाही. केंद्राच्या योजनेत उत्पादनाचा प्रकल्प १० लाखांच्या वर किंवा सेवेचा ५ लाखांच्या वर असेल तर आठवी पास लागतं, बस. ग्रामीण भागात सर्वसाधारणला २५ टक्के अनुदान, महिला, एससी, एसटी, ओबीसी वगैरेंना ३५. स्वतःचे अनुक्रमे १० किंवा ५ टक्के घालावे लागतात. पण अनुदान लगेच हातात येत नाही, बँकेत ३ वर्षं अडकवून ठेवतात, हे न सांगता लोक फाईल करून देतात आणि मग पोरं हप्त्याला घाबरतात. आणि सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, खराब करू नका, मोबाईलच्या हप्त्यावरून पोरांच्या फाईली परत आलेल्या मी बघितल्यात.

उद्यम नोंदणी फुकट असते, त्याचे कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

लोको_भुसावळ
भुसावळहून. मी रेल्वेत लोको पायलट आहे, दहावी आणि आयटीआय फिटर. सहायक म्हणून लागलो तेव्हा वडील स्टेशनवर आले होते गाडी बघायला.

मुनीम साहेब, आयटीआय झाल्यावर रेल्वेत अप्रेंटिस निघतात, आपल्या भुसावळ क्लस्टरला पण निघतात, परीक्षा नसते, दहावी आणि आयटीआयच्या मार्कांवर यादी लागते. अप्रेंटिस म्हणजे नोकरी नव्हे हे पोरांना नीट सांगा, पण ती पूर्ण केली की पुढे लेव्हल वनच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या पदांच्या, भरतीत २० टक्के जागा त्यांना असतात. सहायक लोको पायलटला मूळ वेतन १९,९०० पासून सुरू होतं, वर भत्ते. डिग्री कोणी विचारत नाही. डोळे मात्र विचारतात. ए-वन मेडिकल लागतं, चष्म्याशिवाय दोन्ही डोळे ६/६, रंग ओळखता आले पाहिजेत, लेझर ऑपरेशन केलेलं चालत नाही. आमच्या गल्लीतला एक पोरगा चार वर्षं अभ्यास करून पास झाला आणि मेडिकलला गेला, तर कलर ब्लाइंड. आधी २०० रुपयांत डोळे तपासले असते तर चार वर्षं वाचली असती. फार जीव तुटतो असं बघून.

कामाचं म्हणाल तर रात्री २ ला कॉल येतो, दिवाळी घरी मिळेलच असं नाही. पण इंजिनमध्ये आम्ही दोघं असतो, प्रत्येक सिग्नल दिसला की एकाने मोठ्याने पुकारायचा आणि दुसऱ्याने तोच परत म्हणायचा, हात पुढे करून. एकटा असतो तर नजर चुकू शकते, म्हणून. २० वर्षं झाली, अजून पहिला सिग्नल पुकारताना अंगावर काटा येतो. मागे हजार-दीड हजार लोक झोपलेले असतात.

खान्देशी_बाप
सगळ्यांचं वाचलं. माझा मुलगा बी.ए. करून तीन वर्षं झाली, एमपीएससीचं चाललंय. मी एक सांगतो, डिग्री नसेल तर काही दारं बंद होतात हे मुलाला आत्ताच सांगा, पुढे त्याने तुम्हाला बोल लावायला नको. तलाठ्याला पदवी लागते, एमपीएससीला पदवी, बँकेला पदवी. पोलीस शिपायाला बारावी चालते. आणि लग्नाचं कोणीच बोललं नाही. आमच्या समाजात स्थळ बघताना पहिला प्रश्न शिक्षण काय आणि दुसरा नोकरी कुठे. गॅरेज म्हटलं की फोन ठेवतात. हे मी स्वतः ऐकलेलं आहे.

तापीकाठ
बाप भाऊ, लग्नाचं खरं आहे. मला पण ४ ठिकाणी नाही म्हणाले. पाचव्या ठिकाणी सासऱ्यांनी दुकानात येऊन दिवसभर बसून बघितलं, काही बोलले नाहीत, संध्याकाळी म्हणाले माणूस कामात आहे, द्या मुलगी. पण सगळ्यांना असे सासरे भेटत नाहीत आणि पोरगा २८-२९ चा झाला की आईचा जीव खालीवर होतो, ते मी बघतोय गावात. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. डिग्री असून घरी बसलेल्यांचीही लग्नं अडलीत, एवढंच सांगू शकतो.

आता कागदाचं राहिलं होतं ते लिहितो. नवीन वीज कनेक्शन घ्यायचं तर महावितरणला टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो आणि त्याच्यावर सही परवानाधारक कंत्राटदाराची लागते. वायरिंग मी करायचो, घाम माझा, सही दुसऱ्याची, आणि सहीचे पैसे तो घ्यायचा. १० वर्षं असं चाललं. वायरमन परमिट, पुढे सुपरवायझर, कंत्राटदार, ही सगळी शिडी आयटीआयचा कागद असला की सोपी होते. माझ्याकडे तो कागदच नव्हता. महावितरणच्या विद्युत सहायकाला पण बारावी आणि आयटीआय मागतात, तुमच्या पोराकडे बारावी आहे, म्हणजे तो वाया गेला असं दाजींना वाटू देऊ नका, ते दोन वर्षं कामाला येतील.

दुसरं, आणि हे मी हात जोडून सांगतो. माझ्या चुलत भावाचा पोरगा डीपीवर (शेतातल्या ट्रान्सफॉर्मरवर) फ्यूज टाकायला गेला होता. सगळे शेतकरी टाकतात, हा पण गेला, वरून लाइन बंद आहे असं कोणीतरी सांगितलं. १९ वर्षांचा होता. त्याला काम येत होतं, माझ्याच दुकानात शिकला होता. येत नव्हतं ते एवढंच, की दुसऱ्याने बंद आहे सांगितलं तरी स्वतः टेस्टरने बघायचं, अर्थ करायचं, मगच हात लावायचा. मी शिकवलं नव्हतं कारण मला कोणी शिकवलं नव्हतं, आम्ही सगळे असंच करत आलो. आयटीआयला पहिल्या महिन्यात सुरक्षेचंच शिकवतात. म्हणून मी प्रत्येकाला आयटीआय सांगतो. डिग्रीचं सोडा. तेवढ्यासाठी तरी.

केळीवाला_सावदा
भाऊ... वाचून सुन्न झालो. उद्या आमच्या गड्यांना हे वाचून दाखवतो. आम्ही पण टाकतो फ्यूज.

सोलर_शहादा
तापीकाठ दादांना एक विचारायचं होतं. आता सगळीकडे सोलर पंप येतायत, मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत शेतकऱ्याने १० टक्के भरायचे, एससी-एसटीने ५, अडीच एकरापर्यंत ३ एचपी, ५ एकरापर्यंत ५, त्याच्या वर साडेसात. त्याची ५ वर्षं दुरुस्ती कंपनीकडे असते. मग मोटारी भरायचं काम दहा वर्षांनी राहील का? मी स्वतः सोलर बसवायच्या कामावर आहे म्हणून काळजीने विचारतोय, पोराला जुन्या धंद्यात घालताय का असं वाटलं.

तापीकाठ
चांगलं विचारलंत, मलाही याची चिंता आहे. दोन सिझन झाले, ३ आणि ५ एचपीच्या मोटारी कमी यायला लागल्यात. पण सोलरची असली तरी पाण्यात मोटारच असते, बुश झिजतात, बेरिंग जातं, पाण्यात वाळू असली की पंप खातो. ५ वर्षांनी ती कोणाकडे येणार. फरक पडलाय तो कंट्रोलरमध्ये (सोलरची वीज मोटारीला जुळवून देणारी पेटी), तो मला उघडता येत नाही, वय झालं. आज सुरू करणाऱ्याने मोटार आणि कंट्रोलर दोन्ही शिकावं. तुमच्यासारख्याने माझ्याकडे येऊन मोटार शिकावी आणि मला कंट्रोलर शिकवावा, खरंच या.

सोलर_शहादा
येतो दादा. नंबर खासगी निरोपात टाका.

निवृत्त_मास्तर
मुनीमजी, एक भर घालतो. दोन वर्षांचा आयटीआय झाला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. शिकवायची आवड निघाली तर निदेशकाचा कोर्स असतो, आयटीआयमध्येच शिक्षक होता येतं. मुक्त विद्यापीठ नाशिकला आहेच, दुकान सांभाळून बी.ए. केलेले माझे विद्यार्थी आहेत. दाजींना सांगा आज डिग्री नाही घेतली म्हणजे ती कायमची गेली असं नसतं. जमीन गहाण गेली तर ती मात्र सुटायला कठीण.

मुनीम_जळगाव
सगळ्यांचा मी फार आभारी आहे. मागच्या रविवारी ताईकडे गेलो होतो, जेवणं झाल्यावर हा सगळा धागा दाजींना मोठ्याने वाचून दाखवला. धुळेकरांचं आलं तेव्हा म्हणाले परत वाच. डीपीचं आलं तेव्हा ताई उठून आत गेली. शेवटी दाजी एवढंच म्हणाले की मास्तर जमिनीचं बरोबर बोलले. फॉर्म भरलाय, पहिला पर्याय इलेक्ट्रिशियन. काय होतं ते कळवतो.

मुनीम_जळगाव
मंडळी, उशीर झाला कळवायला. दुसऱ्या फेरीत नंबर लागला, तालुक्याच्या सरकारी आयटीआयला, इलेक्ट्रिशियन. आठवडाभर आयटीआय, रविवारी आप्पांकडे असं ठरलंय.

परवा रविवारी मी आणि दाजी युरिया घ्यायला चोपड्याला गेलो होतो, परत येताना दुकानावर थांबलो. अडावदकडचे एक काका मोटार घेऊन आले होते, साडेसातची, दोन महिन्यांपूर्वीच इथून भरून नेलेली, आणि फार चिडलेले की तुमचं काम कच्चं आहे. आप्पा बाहेर गेले होते. पोराने वाद घातला नाही, मोटार खोलली, बॅटरी धरून आत बघितलं आणि काकांनाच जवळ बोलावलं. तीनपैकी दोन फेजच्या तारेचं प्लास्टिक वितळून गोळा झालेलं, तिसऱ्या फेजची तार तशीच कोरी. म्हणाला काका, काम कच्चं असतं तर एका जागी जळालं असतं, ही एक फेज गेल्यावर दोनवर चाललीये. तुमच्या स्टार्टरचा एक पॉइंट जळाला असणार, आणि रिले (करंट वाढला की मोटार बंद करतो तो) पण मधून काढून डायरेक्ट केलं असेल, नाहीतर ती आधीच बंद पडली असती. हे न बदलता मी भरून दिली तर ही पण जाईल, तुमचे पैसे मी कशाला घेऊ.

काका गप्प झाले. मग म्हणाले रिले मीच काढला होता, सारखा पडायचा म्हणून. फोन करून मुलाला स्टार्टर उघडायला लावला, त्याने फोटो पाठवला, मधला पॉइंट काळा पडून वितळलेला.

दाजी युरियाच्या गोणीला टेकून सगळं बघत होते. रस्त्यात काही बोलले नाहीत. संध्याकाळी पोरगा घरी आला तेव्हा त्याच्या हातात मळ्यातल्या स्टार्टरच्या पेटीची चावी दिली आणि म्हणाले आपला पण बघून घे, मेन बंद करून.

आता एकच विचारायचंय तापीकाठ भाऊ, त्याला वाढदिवसाला मेगर, म्हणजे तारेचं आवरण शाबूत आहे का ते मोजायचं यंत्र, घेऊन द्यायचाय माझ्याकडून. कोणता घेऊ?

तापीकाठ
५०० व्होल्टचा घ्या, आपल्या मोटारींना पुरतो. आधी कोणाचा तरी जुना हाती देऊन वापरायला शिकवा, मग नवा द्या. आणि भरलेली मोटार पाण्यात दिवसभर भिजवून मगच माप घ्यायला सांगा, कोरडी तर सगळ्याच चांगल्या दाखवतात. १ मेगाओमच्या खाली काटा आला तर कोणी कितीही घाई केली तरी बोअरमध्ये सोडायची नाही. पोराला माझ्याकडून सांगा वही घाल म्हणून, २०० पानी, आणि अडावदच्या मोटारीपासून सुरू कर म्हणावं.